टोकाला पांढरा, मुळाशी काळा

११ जानेवारी

पुण्यातल्या घरून, सूसहून निघताना रोहित म्हणाला, "आईंना त्रास देऊ नकोस हं." मी आईची काळजी घ्यायला चालले आहे, त्रास कसला देणार? लॅबमधून तीन आठवड्यांची रजा काढली. सोनूची शाळा आहे, म्हणून ती रोहितजवळ.

पौडच्या पुढे दाट धुकं होतं. धरणाच्या कडेने रस्ता वळतो तिथे तर पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळेना. गाडी अगदी हळू चालवली. कित्येक महिन्यांत मी काही हळू केलं नव्हतं.

पौडच्या एसटी स्टँडवरून जाताना अजून वाटतं, कर्ण्यातून आबांचा आवाज येईल. तिथे ते वाहतूक नियंत्रक होते. तालुक्यात त्यांना चेहऱ्याने न ओळखणारी माणसंसुद्धा आवाजाने ओळखत. मी बारावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा त्यांनी गाड्यांच्या घोषणा थांबवून कर्ण्यावरून ते सगळ्या स्टँडला सांगितलं होतं. गेल्या फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि नेमका आवाजच गेला. सप्टेंबरात ते गेले.

आई दारात उभी होती. मला वाटलं होतं, खंगलेली दिसेल. सात महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हगणं-मुतणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं एकटीने केलं तिने. पण चेहरा तुकतुकीत आहे. सूज असेल. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१२ जानेवारी

सकाळी आई मोठ्याने त्रिसरण-पंचशील म्हणत होती. जाग आली तेव्हा क्षणभर कळेना कोण म्हणतंय. लहानपणी ती हे पुटपुटायची, ओठ हलताना दिसायचे फक्त. आवाज बेसूर आहे, पण खणखणीत.

स्वयंपाकघर आवरलं. बीपीचं माणूस, आणि बरणीभर लोणचं काढून ठेवलेलं. मीठ कमी करायला सांगितलं, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. ओरडले नाही, नीट समजावून सांगितलं. आई "व्हय, व्हय" म्हणत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ऐकते बिचारी.

संध्याकाळी सोनूला फोन. अभ्यास झाला का? हो. दूध प्यायलीस? हो. वही सापडली? हो. समजूतदार पोरगी आहे, उगाच फाटे फोडत नाही.

१४ जानेवारी

इथे मला झोप येते. सूसला गोळी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही, आणि इथे दुपारी जेवून ओसरीवर नुसती टेकले तर थेट चार वाजले. स्वप्नात मी धरणाच्या पाण्यावर चालत होते. पाण्याखाली आमच्या लॅबमधल्या पेशी होत्या, प्रत्येक परातीएवढी, आत मंद उजेड. त्या एकीच्या दोन होत होत्या, सावकाश, पाव फुगावा तशा. मी वाकून त्यांना काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि सगळ्यांचा उजेड एकदम विझला.

उठले तर शेजारी आई झोपलेली. घोरत होती! दुपारी झोपलेली आई मी आयुष्यात पाहिली नव्हती. आबा कधी दुपारच्या पाळीनंतर येत, कधी संध्याकाळच्या. ते आले की घरात शिस्त येई. रेडिओ बंद, मी पुस्तकापाशी, आई चुलीपाशी. त्या शिस्तीनेच मी घडले.

पलीकडच्या काठावरून एसटी गेली. आवाज पाण्यावरून इतका उशिरा येतो की गाडी आधीच वळणाआड गेलेली असते.

१६ जानेवारी

आज एक विचित्र गोष्ट पाहिली, ती नीट लिहून ठेवते.

आई न्हाऊन उन्हात बसली होती. मी तिचे केस विंचरत होते. आईचे केस पस्तिशीतच पांढरे झालेले. आता ती अठ्ठावन्नची. विंचरताना फणीत एक केस आला. टोकाकडे पांढरा शुभ्र, आणि मुळाकडे काळा. आधी वाटलं, कलप केला असेल. पण कलप केला तर टोक काळं राहतं आणि मूळ पांढरं उगवतं. हे उलटं होतं.

मग डोकं उन्हात धरून शोधलं. सगळे नाहीत, कानशिलांपाशी आणि मानेवर बरेच. टोकाला पांढरे, मुळाशी काळे.

"आई, हे कधीपासून?"

"काय कधीपासनं?"

"केस काळे उगवतायत तुझे."

ती हसली. "आरशात कोन बघतंय, वैशू."

माझं कामच म्हातारपणाचं आहे. लॅबमध्ये आम्ही माणसाच्या त्वचेतल्या पेशी काचेच्या ताटल्यांमध्ये वाढवतो. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात आणि त्यांच्या टोकांना एक राखण असते, टेलोमिअर. गोधडीच्या काठाला दाट टाके घालतात तशी. पेशी दुभंगली की दरवेळी थोडा काठ उसवतो. भ्यालेल्या, सतत ताणाखालच्या शरीरात जो स्राव वाहतो तो ताटलीत सोडला की पेशी लवकर थकतात. म्हातारी पेशी लगेच मरत नाही. ती पसरते, वाढायची थांबते आणि तिच्यातून असं काही झिरपत राहतं की शेजारच्या तरुण पेशीही बिघडतात. हे मी दहा वर्षं बघते आहे. पण उलटा प्रवास मी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. ताण उतरल्यावर एखाद्याच्या काही केसांत पुन्हा रंग भरल्याचं वाचलं होतं, तेही तरुण माणसांत.

आईचा कसला ताण उतरला? उलट आता ती एकटी पडली.

तो केस कागदात गुंडाळून ठेवला आहे.

१७ जानेवारी

शेजारच्या गोजराबाई ताक घेऊन आल्या. त्यांची शेती होती, आता वीकेंडला येणाऱ्या पुणेकरांना खोल्या भाड्याने देतात. आईला म्हणाल्या, "रत्ना, संध्याकाळी येतीयास नव्हं पान्यावर?" मला नवल वाटलं. दोघी रोज संध्याकाळी धरणाकाठच्या खडकावर जाऊन बसतात म्हणे.

"काय करता तिथे?"

"काय करायचंय? पान्यात पाय सोडतो, बसतो," गोजराबाई म्हणाल्या. "तुजी आई लई बडबडी हाय, तुला ठावं हाय का? हसून हसून पोट दुखतंय बग माजं."

माझी आई? बडबडी?

मी म्हणाले, थंडीत पाण्यात पाय घालणं तिच्या गुडघ्यांना चांगलं नाही, तुम्हाला एवढंही कळू नये का. जरा आवाज चढला असेल. गोजराबाईंनी ताकाचा तांब्या ठेवला आणि गेल्या. आई संध्याकाळी गेली नाही. बरं झालं.

१९ जानेवारी

आईला पिरंगुटला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. थायरॉईड, रक्त, सगळं करायला सांगितलं. अचानक केसांचा रंग बदलणं हे एखाद्या आजाराचंही लक्षण असू शकतं, किंवा एखाद्या औषधाचा परिणाम. आई गाडीत खिडकीबाहेर बघत गाणं गुणगुणत होती. मी सांगितलं, रस्त्यावर लक्ष लागत नाही माझं. मग गप्प बसली.

डॉक्टरांनी आईचं बीपी दोनदा मोजलं. "छान आहे. असंच राहिलं तर गोळी अर्धी करू." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा. तुमचंही बघते."

माझं बरंच जास्त निघालं. म्हणाल्या, "झोप? चिडचिड? कोण आहे का बोलायला?" मी म्हटलं, मी इथे पेशंटबरोबर आले आहे.

२१ जानेवारी

सगळे रिपोर्ट नॉर्मल. आनंद व्हायला हवा. मला फसल्यासारखं वाटतंय.

धुकं दहा वाजेपर्यंत हललं नाही. अंगणातली गाडीही दिसत नव्हती. अशा धुक्यात वाटतं, आबा येतील. पांढऱ्यातून आधी त्यांचा खाकरा येईल, मग ते.

आईला सांगितलं, हे घर बंद करू, तू सूसला चल. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, सोनू आहे. तू इथे एकटी, तर मला तिकडे काम सुचत नाही. आई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मी ते हो असं समजून रोहितला कळवलं. मागची खोली रिकामी करायला सांगितली.

२३ जानेवारी

आज कागदातला केस काढून पट्टीवर ठेवला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पांढरं संपून काळं जिथे सुरू होतं, मुळापासून तिथपर्यंत मोजलं की तारीख नाही, पण हंगाम कळतो. माझी अटकळ होती, चार सेंटिमीटर भरेल. आबा गेल्यानंतरचे महिने. मनात म्हणत होते, सेवेचा भार उतरला म्हणून शरीर सावरलं असणार. आबा गेले म्हणून नाही, भार गेला म्हणून. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

काळं अकरा भरलं.

आईला न विचारता तिच्या फणीतले आणखी केस काढले. दहा, साडेदहा, अकरा. सगळे तिथेच. गेला फेब्रुवारी.

आबा पडले तो महिना. सेवा तेव्हा सुरू झाली होती, संपली नव्हती. ती त्यांना उचलत होती, त्यांची पाठ सोलू नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलत होती, नि तिचे केस काळे होत होते.

पट्टी भिंतीवर फेकली. का ते ठाऊक नाही.

२४ जानेवारी

बोलायचं नाही असं ठरवलं होतं. जेवताना बोललेच.

"आबा पडले आणि तुला बरं वाटायला लागलं. खरं ना?"

आईचा घास हातात राहिला.

"खरं सांग मला. ते तिथे पडून तडफडत होते आणि तू इकडे..." पुढचं लिहवत नाही. मी बरंच बोलले. आबांनी तुझ्यावर कधी हात उगारला का, तुला कधी काही कमी पडू दिलं का, दारू प्यायले का, गावात मान मिळवला तो कोणामुळे. माझा आवाज सगळ्या घरात भरला. फळीवरची भांडी थरथरल्याचा भास झाला.

आईने ताट बाजूला सारलं आणि भिंतीला टेकून बसली. अगदी लहान दिसत होती. डोळे माझ्या चेहऱ्यावर नव्हते, माझ्या हातांवर होते. मी हात मांडीखाली घेतले. कशासाठी, कुणास ठाऊक.

मग ती उठली आणि दाराबाहेर गेली.

२५ जानेवारी

दिवसभर दोघी गप्प. धरणाचं पाणीही आज गप्प होतं, त्यावर एक सुरकुती नाही. दुपारी झोप लागली आणि स्वप्नात मी स्टँडवर होते. फलाटावर कुणी नाही. कर्ण्यातून घोषणा चालू होती, एकामागून एक गावांची नावं, आणि मी ऐकत उभी. मग लक्षात आलं, आवाज बाईचा आहे.

२६ जानेवारी

सकाळी शाळेतला झेंडावंदनाचा भोंगा इथवर ऐकू आला. आई म्हणाली, "चल पान्यावर."

धुक्यातून उतरलो. ती पुढे, मी मागे. खडकावर बसून तिने पाय पाण्यात सोडले. मीही सोडले. पाणी आधी चावलं, मग पाय आपले राहिलेच नाहीत.

ती बोलली. पाण्याकडे बघत, मध्येच थांबत. जसं आठवतंय तसं लिहिते.

"तुज्या आबांनी कदी हात लावला न्हाई मला. त्ये मानूस वाईट नव्हतं. पन त्यांची मोटरसायकल वढ्यापाशी आली ना, की माज्या पोटात गोळा यायचा. आज काय चुकलंय? भाजीत मीट? कुनाशी बोलले? सदतीस वरसं, रोज. न्हाई वरडले तरी गोळा यायचाच. वरडून झालं की उलट बरं वाटायचं, आजचं झालं म्हनून."

मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुला त्ये देव होतं. आन तुला शिकवलं त्यांनीच. त्ये बी खरंच हाय की."

मग म्हणाली, "त्ये पडलं, आवाज गेला. पयलं पंधरा दिस मी तशीच. भांडं पडलं की दचकून त्यांच्याकडं बघायची. त्ये नुसतं बघायचं. मंग एक दिस त्यांची दाढी करत हुते, तर डोळं दिसलं मला. वैशू, मी त्यांच्या डोळ्यांकडं कदी बघितलंच नव्हतं. भ्याव वाटायचं. कसलं मऊ डोळं हुतं. मी बोलायला लागले. लहानपनीचं, म्हायेरचं, काय वाट्टेल त्ये. त्ये ऐकायचं. एकदा मी गोजराबाईची नक्कल केली तर हसलं, अर्ध्याच तोंडानं. माजा हात धरूनच झोपायचं. सोडायचं न्हाई."

धुक्यात एक पाणकावळा होता. दिसला नाही, नुसता बुडी मारल्याचा आवाज आला.

"लई काम पडायचं. कंबर मोडायची. पन रातीला झोप लागायची मला. लोक म्हनायचं, रत्नाबाईचं हाल. आन मी मनात म्हनायची, त्यांना काय ठावं." तिने पाय हलवले. "ती सात म्हैनंच आमचा संसार झाला बग. त्ये गेलं तवा मी खोटी न्हाई रडले."

मी रडत होते. आबांसाठी की तिच्यासाठी, कळलं नाही.

घरी परतताना म्हटलं, "सूसला येशील ना?"

ती थांबली. माझा हात धरला, खूप प्रेमाने. म्हणूनच ते इतकं लागलं.

"न्हाई ग. तू लई मायेची हायेस. पन तुजा आवाज त्यांचा हाय."

२७ जानेवारी

काही लिहिणार नव्हते. रोहितला फोन केला आणि विचारलं, मी घरी आले की तुम्ही काय करता. तो म्हणाला, "म्हणजे?" मी पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "तू ये. मग बोलू."

२९ जानेवारी

रजा उरली आहे, पण निघते. गोजराबाईंकडे जाऊन माफी मागितली. त्या आबांचं नाव घेत म्हणाल्या, "आगं, तू भिवाजीची लेक, यवढं तर चालायचंच." त्यांना वाटलं, माझं सांत्वन झालं.

आईने मीठ घातलेला आवळा बांधून दिला. मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही याकडे तिचं लक्ष होतं.

२ फेब्रुवारी

लॅबमध्ये आज ताटल्या काढून बघितल्या. एका ताटलीत मध्ये एक मोठी, पसरलेली, थकलेली पेशी, आणि तिच्या भोवती तरुण पेशींचं रिंगण, त्याही कडेने पसरू लागलेल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, या म्हाताऱ्या पेशीला काही कळत असेल का, आपण काय झिरपवतोय ते. ती हसली. म्हणाली, मॅडम, सुट्टी मानवली वाटतं तुम्हाला.

पिरंगुटच्या डॉक्टरांनी मला लिहून दिलेली बीपीची गोळी सुरू केली. रोहितशी बोलणं झालं. लिहिण्यासारखं आहे, पण लिहीत नाही. त्याने काहीच वाढवून सांगितलं नाही, एवढंच.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी सोनू शाळेतून आली ती दारातच उभी राहिली. नवा स्वेटर नव्हता. वाढदिवसाचा, निळा, मागच्याच आठवड्यात घातलेला.

"स्वेटर?"

"हरवला."

छातीत ते चढताना मी पहिल्यांदाच ऐकलं. लांबून येणाऱ्या गाडीसारखं. आधी पोटात, मग घशात. शब्दही तयार होते, कुठे लक्ष असतं तुझं, वस्तूची किंमत नाही, किती वेळा सांगायचं. सोनू माझ्या हातांकडे बघत होती.

मी खाली बसले, दारातच, चपलांच्या शेजारी. म्हटलं, "थंडी वाजली का गं?"

ती बघत राहिली. वाट बघत होती. बाहेर लिफ्ट वर गेली, खाली आली. मीही वाट बघितली. ते घशातलं हळूहळू उतरत गेलं, सगळं नाही, पण उतरलं.

"थोडी वाजली," ती म्हणाली. मग दप्तर काढून माझ्याजवळ टेकली. मग म्हणाली की स्वेटर हरवला नाही. बसमध्ये एक छोटी मुलगी उलटी करून कुडकुडत होती, तिला दिला. ती मुलगी कोणत्या स्टॉपवर उतरते, तिच्या आजीला दात नाहीत, तिच्याकडे एक कासव आहे आणि ते कासव पोळी खातं, बस ड्रायव्हरकाका चिडले की कानाची पाळी ओढतात, वर्गात कोण कोणाशी बोलत नाही आणि का. पुढे पुढे मला नावंही कळेनात. रोहित आतून येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला. बाहेर अंधार पडला, दिवा कुणी लावला नाही.

माझी मुलगी इतकं बोलते हे मला माहीतच नव्हतं.